संग्रहालयातला पंप

ती. दादास, बंदरातून साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. काल सुट्टी मिळाली म्हणून आरमाराचं संग्रहालय पाहिलं. तिथे जहाजात शिरलेलं पाणी उपसायचा एक पंप मांडलाय. पाटीवर लिहिलंय, साठ वर्षांपूर्वी बाद. सवयीने माझा हात त्याच्या चाकावर गेला, तर रखवालदार खेकसला. त्याला काय सांगू, आमच्या जहाजावर रोज सकाळी मी हाच पंप चालवतो.

सोबत आलेले आमचे चीफ इंजिनिअर आधी हसले. मग रखवालदाराला हळूच म्हणाले, "याचा वॉल्व्ह द्याल का? आमचा चिरलाय."

तो नाही म्हणाला. आमचं जहाज उद्या निघतंय.

आईचा गुडघा कसा आहे? तिला पत्र वाचून दाखवशील तेव्हा पंपाचं वगळ. तोफा पाहिल्या म्हण. तोफांना ती घाबरणार नाही.

तुझा धाकटा