पत्र्याच्या डब्यातलं वायफाय

अहो,

आज माझं सोमवारचं मौन, म्हणून लिहून ठेवतेय.

चिखलीला आमच्या भजनी मंडळाच्या तळघरातल्या हॉलमध्ये रेंज येत नाही, म्हणून मी राऊटर, पॉवर बँक आणि पेनड्राइव्ह श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून बॅटरीवरचं वायफाय जमवलं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या शालनबाईंची सगळी भजनं त्यात आहेत, ती इंटरनेटशिवाय मोबाइलवर उतरवता येतात. त्या परवा कायमच्या लेकीकडे चालल्यात. भजनं उद्याच सगळ्या बायकांच्या मोबाइलवर गेली पाहिजेत, म्हणजे चाल कुठे अडली तर विचारायला त्या समोर असतील.

आणि तुम्ही न विचारता ते वायफाय तुमच्या कंपनीत नेऊन चकचकीत पत्र्याच्या डब्यात घातलंत. वर रिव्हेट मारून झाकण कायमचं बंद केलंत! सकाळपासून मोबाइलवर काही दिसत नाही. पत्र्यातून वायफाय बाहेर येत नाही हो. पत्रा वाकवता येतो म्हणून घरातली प्रत्येक वस्तू पत्र्यात घालायची? देवघराला पत्रा ठोकलात तेव्हाही मी काही बोलले नाही. डबा सुरेख झालाय, त्याचाच जास्त राग येतोय.

मी देवळात जातेय. पोळीभाजी झाकून ठेवली आहे. श्रीखंडाचा डबा घासून ओट्यावर ठेवलाय.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावला की माझं मौन सुटतं. त्याआधी रिव्हेट काढून ठेवा.