तू न विकलेली जोडी

आई, तू गेल्यावर मी बरेच खेळ केले आणि त्यातला एकही तुला दाखवावा असं वाटलं नाही. आता पुण्यात एका कंपनीत आहे. आमचे खेळ मोबाइलवर बोटानं खेळायचे असतात. रंगीत गोट्या फोडायच्या, नाणी गोळा करायची, आणि खेळणारा कंटाळून उठायला लागला की त्याला काहीतरी आमिष दाखवून परत बसवायचं. ते आमिष कुठे आणि किती दाखवायचं, हे ठरवणं माझं काम. पगार बरा आहे, पाठ दुखते. आज कॉलेजातून नुकत्याच आलेल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमचा पहिला खेळ कोणता? मी म्हटलं, असाच एक, शेतीचा. ती म्हणाली, शेतीचे तर ढिगानं आहेत. मी हो म्हटलं आणि विषय संपला. पण घरी पोचेपर्यंत तुझी खानावळ काही डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहायला बसले.

अमरावतीची ती दोन खोल्यांची जागा. गावची शेती बटईनं देऊन आपण तिथे आलो, बाबा अकोल्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदारीला लागले आणि रविवारपुरते घरी येऊ लागले, आणि तू कॉलेजच्या पोरांना जेवू घालू लागलीस. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि गॅस आणि पिठाचा डबा यांच्या मधल्या बोळकांडीत माझा कॉम्प्युटर. जुने भाग जोडून बनवलेला, सुरू केला की गिरणीसारखा घरघरायचा. लोडशेडिंगचे दिवस होते. तू खानावळीच्या पंख्यांसाठी इन्व्हर्टर घेतलास आणि त्यावर पंख्यांऐवजी माझा कॉम्प्युटर लावलास. पोरं घामानं निथळत जेवायची आणि कुरकुर करायची. तुझं त्यावर उत्तर ठरलेलं होतं, घाम आला की माणूस पोळ्या कमी खातो आणि लवकर उठतो. मला तेव्हा या गोष्टीची लाज वाटायची. आता वाटतं, माझ्यासाठी इतक्या उघडपणे कुणी पुन्हा पक्षपात केला नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होते मी. खेळ कसे करायचे हे आम्हाला कुणी शिकवत नव्हतं. नेट कॅफेतून जे मिळेल ते उतरवून आणायचं आणि घरी धडपडायचं. दुसरं काही सुचेना म्हणून आपलंच शेत केलं. काळी जमीन, बांधावरचा कडुनिंब, विहीर, गोठ्यात बैलांची जोडी. पाऊस नक्षत्रांवर पाडला. मृगाचं वाहन बेडूक असेल तर भरपूर, कोल्हा असेल तर नुसतं आभाळ भरून येणार, आणि त्यावरून खेळणाऱ्यानं पेरायचं की थांबायचं ते ठरवायचं. मी स्वतःवर फार खूश होते. तू एका दुपारी डबे भरून झाल्यावर, ही पोरगी दिवसभर करते तरी काय, हे बघायला माझ्या शेजारी येऊन बसलीस. एका बैलाचं डावं शिंग मी आपल्या बैलासारखं मोडकं काढलं होतं. तू त्यावर पडद्यावरच बोट ठेवलंस, कणकेचा ठसा उमटला, आणि मला म्हणालीस, सरक. त्या दिवसापासून दुपारची जागा तुझी झाली.

काही दिवसांनी मी कॉलेजातून आले तर खेळ जिथल्या तिथे थांबलेला. बैल गोठ्यात उभे, शेतात निंदण वाढलेलं, आणि तू बाजूला वांगी चिरत बसलेली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं आणि खेळ अडकला. मी चुका शोधायला बसले. तू शांतपणे म्हणालीस, पोळा आहे. वर कोपऱ्यात मी पंचांगातली तिथी दाखवायचे, तिथे श्रावण अमावास्या होती. मी तुला समजावलं की या खेळात काम केल्याशिवाय दिवस पुढे सरकतच नाही. तू म्हणालीस, मग खेळ चुकला, बैलांचं काय चुकलं. आणि आदल्या दिवशीची खांदशेकणीही नाही म्हणून मला चांगलीच झाडलीस. पंचांग टाकता येतं आणि पोळा आठवत नाही, असलं कसलं शिक्षण, वगैरे. मी चिडून दोन दिवस बोलले नाही. पण खांदशेकणी घातली. हळद-लोणी घेऊन बैलाजवळ जायचं, कीबोर्डवरची कळ दाबून धरायची, म्हणजे खांदे शेकले जातात. दुसऱ्या दिवशी बैल सुटे, काम नाही, गुण नाहीत, काही नाही, आणि तरी दिवस मावळतो.

खांदशेकणी पहिल्यांदा चालली तेव्हा मी तुझ्यामागे भात वेळत उभी होते. तू पडद्याकडे वाकलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोठ्यात म्हणायचीस तसंच. मी ऐकलं नाही असं दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातात वाफेचं पातेलं होतं, त्यामुळे निभावलं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट तिघांत करायचा होता. अकोल्याचा एक मुलगा, वरूडच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची एक मुलगी आणि मी. त्यांना माझा खेळ आवडला आणि आम्ही तोच मोठा करायला घेतला. त्या दोघांना तू तुझ्या हातचं इतकं खाऊ घातलंस की प्रोजेक्ट कमी आणि जेवण जास्त झालं. त्यांना पोळा काढून टाकायचा होता. परीक्षकांना वाटेल खेळ बंद पडलाय. मी भांडून तो ठेवला. मग अकोल्याचा मुलगा म्हणाला, तुझ्या खेळात सगळं आहे, पण जीव तुटेल असा एकही निर्णय घ्यावा लागत नाही. त्यानं तो सुचवला. पहिलं वर्ष कोरडं जाणार, काही केलं तरी. शेवटी पडद्यावर प्रश्न येणार, पुढच्या पेरणीसाठी बैल विकायचे का? हो म्हटलं तर दुसरं वर्ष. नाही म्हटलं तर खेळ तिथेच संपला.

त्याला आपल्या घरचं काही माहीत नव्हतं. आपली जोडी बाबांनी अंजनगावच्या बाजारात नेली, तेव्हा तू मामाकडे लग्नाला गेली होतीस आणि परत आलीस तर गोठा झाडून ठेवलेला होता. मला सगळं ठाऊक होतं. तरी तो प्रश्न खेळात घालायला मी हो म्हटलं, कारण खेळ म्हणून तो उत्तम होता. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन.

तू त्या प्रश्नापाशी पोचलीस तेव्हा आम्ही तिघंही मागे उभे होतो. तू वाचलंस. मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग 'नाही'वर दाबलंस, खेळ संपला, आणि तू पहिल्यापासून, मृगापासून, सुरू केलंस. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वरूडची मुलगी हसून म्हणायची, काकू कधी जिंकणारच नाहीत. मला मात्र तुझा राग यायला लागला होता. एका दुपारी न राहवून म्हटलं, आई, हो म्हण ना एकदा, पुढे बघ तरी काय आहे, खेळच तर आहे.

तू कळांवरचं पीठ पदरानं पुसलंस. म्हणालीस, "खेळ हाय म्हून तं नाई इकत. खऱ्यात तं इकलेच ना."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण तू काढायचीस. पोळ्या लाटता लाटता विचारायचीस, दुसऱ्या वर्षी पाऊस कसा असतो. मी सांगायचे, पहिल्याच नक्षत्राला लागतो. विहिरीला पाणी? काठोकाठ. कापूस? खांद्याला लागेल एवढा. तू नुसतं हूं करायचीस आणि लाटत राहायचीस. प्रोजेक्ट देऊन झाला, मला नोकरी लागली, तरी तुझा खेळ चालूच होता. मग तुझं दुखणं निघालं आणि बसणं सुटलं. सरकारी दवाखान्यात, हाताला सलाइन असताना, बाबा खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा तू परत विचारलंस, "तिकडं जोडी भेटते का वापस?" मी म्हटलं, तीच नाही मिळत, नवी घेता येते, चांगली उंच. "मंग राहू दे," म्हणालीस. त्यानंतर तू तीन-चार दिवस होतीस, पण खेळाबद्दल बोलली नाहीस.

आता एवढ्या वर्षांनी मी लोकांना खुर्चीवरून उठू न देण्याचा पगार घेते, आणि थकले आहे. माझ्या खेळांत 'नाही' म्हणायची सोय सहसा नसते. ठेवली तरी बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. कुणी 'नाही' म्हणून परत मृगापासून सुरू करेल, हे आमच्या कंपनीत कुणाला सांगून पटायचं नाही. मीही सांगत नाही. हे लिहून झालं की पुसून टाकेन, कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही.

एवढंच सांगायचं राहिलं होतं. दुसरं वर्ष आम्ही केलंच नव्हतं, आई. तुला 'हो म्हण' म्हटलं तेव्हा वाटत होतं, तोवर करून टाकू, पण वेळ पुरला नाही. परीक्षकांनी पहिलंच वर्ष बघितलं आणि गुण दिले. तू 'हो' दाबलं असतंस तर काळा पडदा आला असता आणि त्यावर आमची तिघांची नावं. मग दर दुपारी तू त्या प्रश्नापाशी पोचलीस की मी हातातलं काम ठेवून तुझ्या बोटाकडे बघत असे, आणि तू 'नाही' दाबलंस की मला हायसं वाटायचं.