दर्शनाच्या नावाखाली

१२ जुलै १९३६. बारामती.
झड थांबत नाही. खोलीत बसवत नाही. कॉलेजात असताना भर पावसात सिंहगड चढले होते, ते पाय अजून शिवशिवतात. मोरगावच्या पलीकडे देवीचा डोंगर आहे. माझ्या सातवीच्या चार मुलींना नेणार. एकीनेही आजवर डोंगर चढलेला नाही!

१५ जुलै.
चौघींतल्या गंगूच्या वडिलांकडे, तात्यांकडे गेले. "पोरीला डोंगर कशाला, बाई? मेंढरं तर कवाच इकली आमी!" घर हसलं. मग म्हणाले, "देवीच्या दर्शनाला म्हणत असाल तर न्या." मी हो म्हटलं. दर्शन तर दर्शन. पण वाटभर ते 'हो' टोचत राहिलं.

१९ जुलै.
मोरगावपर्यंत मोटर, पुढे चालत. वाट नुसती लोणी. माझी पाचवारी सारखी पायांत. वर खोचली, तर मुली हसून चिखलातच बसल्या.
अर्ध्यात गंगूने आडोशाला बोलावलं. अडचण आली होती. "मी हितंच बसते, बाई. असं वर गेलं की देवी कोपती." पावसात, एकटी, दगडावर? म्हटलं, चल. देवळात जाऊ नकोस, पण डोंगर चढ.
वर तिघी आत गेल्या, आम्ही दोघी बाहेर. ढग फाटला. "बाई, कालवा! आपलं पाणी!" गंगू केवढ्यानं ओरडली.
उतरताना तिचा पाय निसटला. पाठुंगळी आणली.

२२ जुलै.
गंगू शाळेत नाही, म्हणून तिच्या घरी गेले. तिनेच आईला सगळं सांगितलंय. आई उंबऱ्यातूनच, "देवीनंच ढकलली न्हवं! तुमी बी.ए. झाल्याल्या, तुमाला सांगणारी मी कोण?" मी निसरड्या वाटेबद्दल बोलू लागले. तात्या मान खाली घालून, "दर्शनाला म्हणाला हुता."

२७ जुलै.
तात्या शाळेत आले. "पाय बरा झाला की दोघींनी वर जायाचं. ओटी भरायची, देवीला चुकलं म्हणायचं. मग शाळा. न्हाय तर सोयरीक आलीया, देऊन टाकतो."
इंदापूरला आमचे वडील, आबा, म्हणतील, डोकं टेकायला काय जातंय? जातं.
काय चुकलं? तिला तिथे सोडून जायला हवं होतं? मी 'चुकलं' म्हटलं, तर गंगू ते जन्मभर खरं मानेल. नाही म्हटलं तर तिचा जन्मच—
झोप नाही.

९ ऑगस्ट.
गंगूकडे. सूज उतरली आहे. शेंगा फोडत बसली होती. विचारलं, "तुला काय वाटतं गं?"
"देवीनं न्हाय ढकललं. मी मागं वळून कालवा बघत हुते." मग आईकडे बघत, हळूच, "पर बाई, आता परत चढायचं न्हवं?"
एवढा आनंद त्या तोंडावर! मी शिक्षा समजत होते.

१६ ऑगस्ट. मोरगाव.
मोटर आत्ताच गेली. आडोशाला उभी राहून लिहिते आहे. पाऊस आहेच. पिशवीत खण-नारळ. तात्या सोबत आले आहेत, देवीपुढे मी काय म्हणते ते ऐकायला. मला अजून शब्द सापडलेला नाही. "बाई, चला की! ढग आला तर काय दिसायचं न्हाय," गंगू चिखलातून हाका मारते आहे. तात्या तिला दटावत नाहीत, माझ्याकडे बघताहेत.
निघते.