वो वाले ड्रायव्हर

बाबा, रविवारी तुमचे एक विद्यार्थी भेटले आणि मी त्यांना ओळख दिली नाही. आज बुधवार. दोन दिवस ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही, काल भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि आज सकाळी चहा निवत ठेवून वही उघडून बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही, कारण गाडी चालवताना तुमच्याशी बोलणं होतच असतं. तुम्ही शेजारच्या सीटवरून 'क्लचवरचा पाय काढ' म्हणता आणि मी 'काढलाय हो' म्हणते. पण हे गाडीत बोलण्यासारखं नाही. हे तुमच्याकडे न बघता सांगायचं आहे.

हातोद गावाच्या पुढे, गव्हाच्या शेतांमध्ये, एका हौशी माणसाने गाड्या पळवायला ट्रॅक बांधला आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही दहा-बारा जण तिथे जमतो. सकाळी सातला पोहे, आठला डोक्यावर हेल्मेट. जो तो आपली स्पोर्ट्स कार आणतो आणि रस्त्यावर जी मस्ती करता येत नाही ती तिथे करतो. शर्यत नसते, नंबर नसतात. मागच्या खेपेपेक्षा एखादं वळण बरं घेता आलं की चांगली टक्कल पडलेली माणसं उड्या मारतात. एक हाडांचे डॉक्टर आहेत, एक नमकीनचा कारखानदार, एक बिल्डर, दोघं-तिघं आयटीवाले, आणि गिअरच्या कारखान्यात क्वालिटी बघणारी मी, एकटी बाई. माझी गाडी सगळ्यांत जुनी, दोन सीटची, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. पण वळणावर मी भल्याभल्यांना मागे टाकते, आणि ते कुणामुळे हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही म्हणाला असता, 'एवढं पेट्रोल जाळून परत तिथेच यायचं?' आणि मग हळूच विचारलं असतं, 'किती पळते?'

दोन वर्षांपूर्वी, मी पहिल्यांदा गेले तेव्हा, पोहे खाताना बिल्डरने विचारलं, "मैडम, इतनी बढ़िया ड्रायव्हिंग किसने सिखाई?" मी म्हटलं, "पापा आर्मी में थे, महू में." तो म्हणाला, "अच्छा, ऑफिसर?" मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी जलेबीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "हां." बस, तेवढंच. पुढच्या खेपेला कुणीतरी मेजर म्हणालं, त्याच्या पुढच्या खेपेला कर्नल. बढती मी दिली नाही बाबा, पण अडवलीही नाही. त्या लोकांत तुम्ही गेली दीड वर्षं कर्नल आहात.

गंमत अशी की त्या ट्रॅकवर 'ड्रायव्हर' हा फार मानाचा शब्द आहे. मनगटावर एक पट्टा बांधतात, त्यावर ड्रायव्हर असं लिहिलेलं असतं, आणि काही जण तो पट्टा सोमवारी ऑफिसातही मिरवतात. खरे ड्रायव्हरही तिथे असतातच. बऱ्याच जणांच्या गाड्या घरून ट्रॅकपर्यंत त्यांचे पगारी ड्रायव्हर आणतात, आणि मग दिवसभर शेडमागच्या कडुनिंबाखाली बसून राहतात. रविवारी भोंग्यावर आवाज आला, "सभी ड्रायव्हर ब्रीफिंग के लिए आ जाइए." तर कडुनिंबाखालून एक साठीचे गृहस्थ उठले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि ताठ चालत येऊन आमच्या घोळक्यात उभे राहिले. नमकीनवाला म्हणाला, "अरे काका, आप नहीं! वो वाले ड्रायव्हर!" सगळे हसले. काकाही ओशाळून हसले, आणि त्यांच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. मीही हसत होते. हसता हसताच ती फट ओळखली.

तरी मी स्वतःची समजूत घालत होते की दातांत फट काय, हजार जणांच्या असते. मग ते परत गेले आणि बिल्डरच्या काळ्या गाडीभोवती फिरायला लागले. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात. प्रत्येक चाकावर तळहात ठेवायचा, एकेका नटाला बोट लावायचं, वाकून गाडीखाली काही गळतंय का बघायचं, आणि शेवटी आत बसून, इंजिन बंद असताना, ब्रेक तीनदा दाबायचा. फर्स्ट परेड. गाडी सुरू करण्याआधीची ही फेरी तुम्ही महूच्या एमटी लाइनीत, लष्करी गाड्यांच्या तळावर, तुम्हाला उस्ताद म्हणणाऱ्या नव्या पोरांकडून इतकी घोकून घेत होता की झोपेतही त्यांचे हात चालायचे. अर्ध्या तासापूर्वी मी माझ्या गाडीभोवती अशीच फिरले होते. कडुनिंबाखालून काकांना ते दिसलं असणार हे आता माझ्या लक्षात आलं.

हे काका तेव्हा आपल्या क्वार्टरमध्ये रविवारी जेवायला यायचे, आठवतं? मी आठ वर्षांची असेन. आई भाकरी थापते आहे. भाकरीच्या दिवशी लाटणं मोकळं असायचं, म्हणून तुम्ही ते पिठाच्या डब्यात उभं खुपसलं आहे, तो गिअर. माझ्या हातात स्टीलचं ताट, ते स्टीअरिंग. पाटावर बसलेल्या माझ्या पायांपुढे तीन चपला मांडल्या आहेत: क्लच, ब्रेक, रेस. तुम्ही ओरडता, "समोर म्हैस!" आणि मी मधली चप्पल दाबते. म्हैस व्हायचं काम त्यांच्याकडे. ते दारात उभे राहून असे काही हंबरतात की आई तव्यावरची भाकरी विसरते, आणि तुम्ही मात्र हसत नाही. तुम्ही माझा पाय धरून दाखवता की टाच जमिनीवर, जोर चवड्याचा. अजून माझी टाच तिथेच असते.

आणि चौथीतलं तेही तुम्हाला आठवत असेलच. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांच्या व्यवसायापुढे 'आर्मी ऑफिसर' लिहिलं होतं. पालकांच्या सभेला बाई तुम्हाला 'बसा साहेब' म्हणाल्या. तुम्ही उभेच राहिलात. "साहेब नाही बाई, हवालदार आहे. ड्रायव्हर. साहेब लोकांना गाडी शिकवतो, पण ड्रायव्हर." वर्ग भरलेला होता. परत येताना मी सायकलच्या दांड्यावर अंग चोरून बसले होते. तुम्ही ओरडला असता, एक चापट दिली असती तरी बरं झालं असतं. तुम्ही रेल्वे फाटकापाशी सायकल थांबवली आणि अगदी खरोखर विचारलंत, "माझ्या कामात तुला काय वाईट दिसलं ते सांग. मी सुधारतो." मी रडले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. म्हणजे बघा, तुमच्या पोरीने हाच अपराध दुसऱ्यांदा केला आहे, आणि या वेळी तिचं वय सत्तेचाळीस आहे.

आता ब्रेकचं सांगते. रविवारी गाड्या तपासून पास झालेल्या गाडीच्या काचेवर हिरवं स्टिकर लावायची पाळी माझी होती. बिल्डरच्या गाडीलाही मीच लावलं. थंड गाडीचा ब्रेक घट्ट होता, मला शंका आली नाही. पण बिल्डर पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं गाडी पिटाळून आला, काकांनी ती सावलीत नेऊन लावली, आणि तिथून ते सरळ माझ्याकडे आले. "मैडम, ब्रेक नरम झालाय. पैडल एकदम खाली जातोय. ऑइल जुनं वाटतंय, गरम होऊन उकळलं असेल. साहबला बोललो मी, तर बोलले तू सिर्फ घर की गाड़ी देख. तुम्ही बोला ना. तुमची बात मानतील ते." एवढं बोलून ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी गॉगल लावला.

माझ्या हातात होतं, बाबा. स्टिकर खरवडून काढलं की गाडी ट्रॅकवर जाऊ शकत नाही, मग मालक कुणी का असेना. मी बिल्डरकडे गेले. म्हटलं, "एक बार ब्रेक देख लें?" तो म्हणाला, "क्यों, किसने बोला?" इथे मला म्हणता आलं असतं, तुमच्या ड्रायव्हरने. मग तो म्हणाला असता, बुलाओ उसको. काका आले असते, तुला कसं कळलं असं कुणीतरी विचारलं असतं, मग महू निघालं असतं, उस्ताद निघाले असते, आणि उस्तादांची मुलगी तिथेच उभी होती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि मी म्हटलं, "नहीं, ऐसे ही." तो हसला. "अरे मैडम, सुबह आपने ही तो पास की!" हेल्मेट चढवून गेलासुद्धा.

कठड्याशी मी उभी राहिले आणि माझ्यापासून दोन हातांवर काका. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. मला झेंडेवाल्याला ओरडून सांगता आलं असतं, लाल झेंडा दाखव म्हणून. प्रत्येक वेळी काळी गाडी समोरून सुखरूप गेली की वाटायचं, बघ, काही होत नाही, उगाच तमाशा झाला असता. तिसऱ्या फेऱ्यात सरळ पट्टा संपताना मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. तो पेडल मारत होता आणि गाडी हळू होत नव्हती. काकांचा उजवा पाय जमिनीत दाबला गेला, माझाही. गाडी वळलीच नाही. खडीच्या पट्ट्यातून उडत जाऊन टायरांच्या ढिगात घुसली. नुसती धूळ. त्या धुळीतून बराच वेळ काहीच बाहेर आलं नाही. मला त्या माणसाचं नावही आठवेना. मग दार उघडलं आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, डावा हात उजव्या हाताने धरून.

मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी शेडमध्येच फळी बांधली. भीती उतरली तसा बिल्डरला राग चढला, आणि तो काकांवर निघाला. "गाड़ी तेरे हाथ में थी. बताया क्यों नहीं?" काका म्हणाले, "बताया था, साहब." "झूठ बोलता है? मैं मर जाता आज! कल से मत आना." सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. काकांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी नजर चुकवली असती. मी मराठीत म्हटलं, "काका, तुम्ही बसा जरा." आणि मग सगळ्यांसमोर, "इन्होंने बताया था. आपको भी बताया, मुझे भी. स्टिकर निकालना मेरा काम था, मैंने नहीं निकाला. गलती मेरी है, इनकी नहीं." बिल्डर मान खाली घालून म्हणाला, "ठीक है. गुस्से में निकल गया." काकांची नोकरी राहिली. डॉक्टरांनी सहजच विचारलं, "मैडम, आप इनको पहले से जानती हैं क्या?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "नहीं साहब. मैडम को मैं कहाँ से जानूँगा."

दुपारी मोडलेली गाडी ट्रकवर चढवून काका दोर आवळत होते, तेव्हा मी जवळ गेले. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उस्तादांची बेबी ना तू? सकाळी गाडीला चक्कर मारलीस, लेफ्ट से, तेव्हाच कळलं मला." मी विचारलं, "मग नाही का म्हणालात?" त्यांनी दोराला गाठ मारली. "तिकडे लोक बोलत होते, मैडमचे फादर कर्नल साहब होते. मी बोललो, असेल काही. तुझी इज्जत आहे ना इथे. उस्तादांना काय फरक पडतो आता?" मग हसले, तीच फट दिसली, आणि घरी ये म्हणाले, परदेशीपुऱ्यात राहतो, कुणालाही विचार. मी हो म्हटलं.

ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं आहे, बाबा. माझे वडील हवालदार होते, ड्रायव्हर होते, आणि मला गाडी त्यांनी शिकवली. एवढंच लिहायचं आहे. तीन दिवसांत चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. वहीतलं हे पानही कुठे टाकणार, तुमचा पत्ता असता तरी टाकलं असतं का माहीत नाही. डॉक्टरांनी मेसेज केला की मैडम, चूक कबूल करायला जिगर लागते. सगळ्यांना तसंच वाटतंय, आणि तुम्हालाही तेवढंच सांगून थांबता आलं असतं. पण काका 'मैडम को मैं कहाँ से जानूँगा' म्हणाले, तेव्हा मला लाज वाटली नाही. लाज घरी आल्यावर वाटली. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.