खोक्यावरचे चेट्टियार

चेन्नई, नवरात्राची पाचवी माळ, २००६

मी घरी बनवलेलं स्पीकरचं खोकं हिने कोलूत, म्हणजे इथल्या नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीत, पायरी म्हणून लावलं. वर मातीचे लठ्ठ चेट्टियार, म्हणजे वाणीबुवांचा बाहुला, बसवले. आज दिवंगत बाबांच्या आवाजातली रामरक्षेची कॅसेट लावली, तर गोंद, स्क्रू, कापूस कशालाच न बधलेली खर्जातली घरघर गायब! बाबा अगदी बाबांसारखे.

काकतालीय न्याय म्हणावा, तर चेट्टियार उचलले की घरघर परत. ठेवले की बाबा परत. मग महिनाभर मी नक्की काय दुरुस्त करत होतो?

"अहो, दसऱ्याला बाहुला आडवा करून झोपवायचा असतो," ही म्हणाली.

"झोपव, पण खोक्यावरच. झोपेत वजन थोडंच कमी होतं?"

"मामंजी खालून एवढी खणखणीत रामरक्षा म्हणत असताना झोप लागेल त्याला?"