कार्डाची मागची बाजू

बाबा, तुमची शब्दांची कार्डं मी देऊन टाकली होती, हे आधी सांगून टाकते. बुटांच्या अकरा खोक्यांत भरलेली. पुढे शब्द, त्याचं मूळ, तो कुठून कुठे गेला. मागे तोच शब्द तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकलात, ते अख्खं वाक्य. तुम्ही गेल्यावर या हिंदी मुलखातलं आपलं अलीगंजचं घर आवरताना, वाळवी लागण्यापेक्षा बरं, म्हणून तुमच्या त्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हवाली केली. एकही कार्ड उलटून पाहिलं नाही. आता सकाळचे दहा वाजलेत, मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे आणि आत तुमच्या नातीच्या गळ्याचं ऑपरेशन चाललंय. थायरॉइडची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस अगदी खेटून जाते, काळजी घेऊ. ती शाळेत गाणं शिकवते, म्हणजे काळजी कशाची ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या पर्समध्ये तुमचं एक कार्ड आहे, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला माझा टायफॉइड आठवत असेल. मी नऊ वर्षांची. आई स्वयंपाकघरात पेज ढवळते आहे आणि मी दारातल्या खाटेवर पडून तिच्याकडे बघते आहे, कारण मला नजरेआड ठेवायला ती तयार नाही. शेजारच्या खाला, आमच्या मुसलमान मावशी, येऊन माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत बांधून गेल्या आहेत. तुम्ही युनिव्हर्सिटीतून येता, सायकल लावता, आणि हात धुवायच्या आधी तुमचं लक्ष माझ्या गळ्याकडे जातं. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही शिकवायला लागलात, ते जास्त वाईट होतं. म्हणालात, मंत्र म्हणजे मनन करणाऱ्याला तारतो तो, असं जे सांगतात, ते मूळ मागाहून बसवलेलं आहे. आधी शब्दाला सोयीचं मूळ जोडायचं, त्या मुळावर विधी उभा करायचा, आणि पुढे विधी चालतो म्हणून मूळ खरं धरायचं. सगळी जादू अशीच चालते. मग कात्रीने दोरा कापलात. आई खाली बघून काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही ताईत घेऊन अंगणात गेलात आणि रिकाम्या हाताने परत आलात. "फेकला," म्हणालात.

त्या एका शब्दावर मी वाढले. दुधात पाणी आहे का, इथपासून माणसाच्या हसण्यात काय आहे इथपर्यंत सगळं मी तपासून घेते. नवरा आजारी होता तेव्हा सासूबाईंनी साताऱ्याहून कुलदैवताचा अंगारा पाठवला, तो मी पाकिटासकट परत केला. वर चिठ्ठीत लिहिलं, आमच्याकडे हे चालत नाही. आमच्याकडे म्हणजे तुमच्याकडे, बाबा. नवरा गेल्यावर सासूबाई त्या पाकिटाबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून टोचतं.

तर गेल्या महिन्यात लेक गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत घालून आली. तुमचा विद्यार्थी रिटायर झाल्यावर विकास नगरात वर्ग घेतो, शब्द-साधना म्हणे, तिथूनच आणलेला. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. हा माणूस हिला ऑपरेशन पुढे ढकलायला सांगणार, शब्दाने गाठ विरघळते म्हणणार, आणि ही भोळी ऐकणार. मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "मम्मा, आप हर चीज़ पे शक करती हो." मी म्हटलं, "शक नाही, चौकशी म्हण."

त्याच्या बैठकीत सतरंजीवर दहा-बारा बायका बसलेल्या, आणि भिंतीवर तुमचं अक्षर. कार्डं प्लास्टिकमध्ये मढवून टांगली होती. मला इतका राग आला की चहा घेतला नाही. एका बाईला तो सांगत होता की जादू हा फारसी शब्द आणि वेदातला यातू हे एकाच घरातले, म्हणून टोटक्याला, करणीला घाबरताना आपण आपल्याच जुन्या शब्दाला घाबरतो. हे वाक्य तुमचं आहे, मला पाठ आहे. पण त्या बाईने हात जोडून ते ऐकलं, जसं काही ऐकल्यानेच घरावरचं सावट जाणार होतं. तुम्ही ज्या शब्दांनी भीती घालवत होता, त्यांचीच त्याने पूजा मांडली होती. वर्ग संपल्यावर मी सरळ विचारलं, "ऑपरेशन के बारे में क्या कहा है आपने इससे?"

"कराने को कहा है दीदी, और क्या कहेंगे?" तो म्हणाला. "सर ने तो लिखा है, ताईत का मतलब पनाह माँगना। माँगने से गाँठ नहीं जाती। बस, माँगने वाला अकेला नहीं रहता।"

मला तो माणूस तरीही पटला नाही, आजही पटत नाही. मी म्हटलं, मूळ कार्ड दाखवा. त्याने भिंतीवरून काढून प्लास्टिक कापून माझ्या हातात दिलं. "पीछे मराठी में कुछ लिखा है, हम कभी ठीक से समझ नहीं पाए। आप ही रख लीजिए।"

पुढे होतं: ताईत, मूळ अरबी, आश्रय मागणे. मागे, तुमच्या पद्धतीप्रमाणे, ऐकलेलं वाक्य: "तुम्ही शब्दाचं मूळ शोधत बसा, मला माझी मुलगी हवी आहे." खाली बोलणारी कोण, तर पत्नी, आणि जागा, स्वयंपाकघर. म्हणजे आई तेव्हा खाली बघून हे बोलली होती. आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, बारीक: "ताईत फेकला नाही. मुलीच्या उशीच्या अभ्र्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गोळ्यांनी उतरला. तरी काढायचा धीर झाला नाही."

मी रिक्षात रडले, आणि रागाने रडले. तुम्ही उशीत ठेवलात आणि मला मात्र अंगण दाखवलंत. नंतर एकदा सांगायला काय झालं होतं? ते पाकीट मी परत केलं नसतं. नवरा वाचला असता असं नाही म्हणत, तेवढी मी तुमची मुलगी आहे. पण एका म्हाताऱ्या आईने मुलासाठी आश्रय मागितला होता, आणि मी तिला मागू दिलं नाही.

आत्ता सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, अजून तासभर. सकाळी लेकीला आत नेताना सिस्टरनेच ताईतासकट दोरा काढून माझ्या हातात दिला, धातूचं काही चालत नाही म्हणून. लेक म्हणाली, "मम्मा, फेंकना मत." मी म्हटलं, पर्समध्ये ठेवते. हे कागद घडी करून तुमच्या कार्डाला जोडून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. पर्समध्ये ताईत नाही, बाबा. माझ्या गळ्यात आहे, पदराखाली, आणि लेक शुद्धीवर येऊन विचारेल तेव्हा मी पर्स म्हणूनच सांगणार आहे.