तीस गुंठे आणि छोटा ट्रॅक्टर

८ मे २०१६, सकाळी ७
निर्णय झाला. छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. दौलताबादच्या पलीकडं उमाला माहेरकडून मिळालेला तीस गुंठे डोंगरउतार आहे. मेहुणा देवेश म्हणतो, प्लॉटिंगवाल्यांना देऊन टाका. उमानं त्याला शब्द दिलाय: या पावसाळ्यात सीताफळाची शंभर रोपं लावून झाली तर जमीन ठेवायची, नाहीतर दसऱ्याला सही. गॅलरीत दुधाच्या पिशव्यांत तिनं रोपं केलीत. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तरी भाज्या धुतलेलं पाणी रोपांना. बिचारी. नांगरटीची जबाबदारी माझी. छत्तीस वर्षं ऑफिसात खरेदी सांभाळलीय मी. प्रश्न एवढाच, नवा की जुना? आठवड्यात ठरवतो.

११ मे
तुलनात्मक तक्ता आखला. चौदा रकाने. उमा म्हणाली, सीताफळाला नांगरट कशाला, खड्डे पुरतात. तिचंही मत घेतलं. पंधरावा रकाना: इतर.

१५ मे, दुपार
उतार मोजला. गुडघ्यामुळं जागेवर जाणं नको, फोनमधल्या फोटोलाच कोनमापक लावला. बारा अंश. उमा म्हणते, फोटो तिरपा काढलाय. तिनं एकोणतीस वर्षं गणित शिकवलं हे खरं, पण ते सातवीपर्यंतच.

२१ मे
शोरूम. नवा, लाल, देखणा. ट्रायल चढावरच हवी, असं ठणकावलं. सेल्समन विश्वजितनं उड्डाणपुलावर नेला. मागं हॉर्नचा गदारोळ. एका रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, खेत किधर है? दुर्लक्ष केलं. ट्रॅक्टर झकास चढला. पण नव्याला मुरमावर ओरखडे पडणार. मन होईना.

२९ मे
बजाजनगर. साहेबराव नावाचे गृहस्थ, कंपनीत कामाला, शेती सोयगावकडं. जुन्याचा फायदा असा की ओरखडे आधीच पडलेले. बॉनेटवर लेकीचं नाव, अपेक्षा. का विकताय, असं विचारलं. म्हणाले, पाणीच नाय साहेब गावाकडं, नांगरून करू काय? उत्तर संशयास्पद वाटलं. घाई करणार नाही.

७ जून, मंगळवार
उमा मंगळवार-शुक्रवार सकाळी सहाला डबा घेऊन बाहेर पडते. भजनी मंडळ असणार. बरं आहे, मन रमतं. हाताला फोड आलेत. टाळ सैल धरत जा, असं सांगितलं. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. कुणी काळजी घेतली की बायकांना भरून येतं.

१९ जून
आभाळ भरून येतंय. विश्वजितचे तीन फोन. साहेबरावांचा ट्रॅक्टर गेला म्हणे विकला. लोकांना धीर म्हणून नाही. तक्ता नव्यानं आखावा लागणार.

२८ जून, संध्याकाळी
चांगला पाऊस झाला. गॅलरीत सहज पाहिलं, रोपं निम्मीच उरलीत! उन्हानं गेली असणार. मी ठरवत बसलो आणि तिची रोपं मेली. तिच्याशी विषय काढला नाही, उगाच तिच्या मनाला लागेल. आता नवाही नको, जुनाही नको. भाड्यानं. आजच पुंडलिकशी बोललो, ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर दोन्ही तोच. उमाला सांगायचं नाही. तिचं भजन चालू असताना नांगरून मोकळं व्हायचं.

५ जुलै, मंगळवार
काय लिहू? डोंगराखाली पोचलो तर वर पदर खोचून उमा. शेजारचा शेतकरी बद्रीनाथ टिकाव घेऊन, त्याची आई द्वारकाबाई माती लोटतेय. ऐंशी रोपं लागलेली, उताराला आडव्या ओळींत. बद्रीनाथ म्हणाला, काका, ह्या उताराला ट्रॅक्टर उलटतंय, अन् माती मोकळी केली तर पावसानं समदी खाली. हे मला कुणी का नाही सांगितलं, असं विचारलं. उमा म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही रकाना वाढवलात. पुंडलिक चहा पिऊन ट्रॅक्टर घेऊन परत गेला. मला फार शरम वाटली.

तरी एक गोष्ट: माझ्याशिवाय डोंगराच्या इतक्या जवळ ट्रॅक्टर कुणी आणला नव्हता.

८ जुलै, शुक्रवार
मी आपणहून काम मागितलं. उमानं विचार करून जबाबदारीचं काम दिलं. शेळ्या हाकायच्या, रोपांना तोंड लावू द्यायचं नाही. छत्री, काठी घेऊन आठपासून खालच्या बांधावर बसलो. दोन कळप आले, दोन्ही परतवले. नजर ढळू दिली नाही. दुपारचा डबासुद्धा तिथंच.

चारला द्वारकाबाई खाली आल्या. हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, दादा, शेळी सीताफळाला तोंड लावतच नाय, कडू लागतंय तिला पान.

परतीच्या बसमध्ये उमाला विचारलं. ती म्हणाली, माहितीये मला. मग म्हणाली, पण तुम्ही मधे आला नाहीत, म्हणून आज शेवटची वीस लागली.